चाचांचं ढेकूळ

समोरच्या माणसाच्या नाकावरचा चष्मा न विचारता उचलून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे विश्रांतवाडीचे घरमालक, चाचा. आपण काहीतरी सांगत असतो, रंगात आलेलो असतो, आणि मधेच जग धूसर होतं. चाचा आपला चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसत बसलेले असतात. "बोला, बोला," ते म्हणायचे, "कान उघडेच आहेत की आपले." पुसून झाला की काच उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटून बघायचं आणि चष्मा परत नाकावर ठेवता ठेवता नंबर सांगायचा. हा नंबर बहुतेक वेळा चुकायचा. पण सांगण्यात आत्मविश्वास असा की पहिल्या वेळी मी घाबरून डॉक्टरांकडे जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, जुनाच नंबर आहे. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "डॉक्टर बदला."

मंडईच्या मागच्या गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. ते आता मुलगा बघतो. सगळी हयात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यात गेल्यामुळे असेल, पण कोणी 'मला दिसतंय' म्हणालं की चाचांना लगेच विश्वास बसायचा नाही. "दिसतंय की पाठ आहे?" हा त्यांचा प्रश्न. दुकानात हा प्रश्न गिऱ्हाइकापुरता होता. दुकान सोडल्यावर तो आम्हा भाडेकरूंच्या वाट्याला आला. दूधवाला आला का, पाणी गेलं का, गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी आहे का, काहीही सांगितलं की चाचा मान तिरकी करून विचारणार, दिसलं की पाठ आहे?

मी यवतमाळचा. खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागलो तेव्हा खोली शोधत विश्रांतवाडीत फिरत होतो. बाकीच्या घरमालकांनी मला जात, जेवण, पगार, लग्न आणि मामाचा व्यवसाय विचारला. चाचांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी मला अंधाऱ्या बोळात स्टुलावर बसवलं, समोर टोकाला एक मिणमिणता दिवा लावला आणि म्हणाले, "याच्याकडे बघा. नजर हलवायची नाही." मी बघत राहिलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला वाटलं, पुण्यात भाडेकरूला आधी रडवून घेत असतील, म्हणजे पुढचं सोपं जात असेल. मग दिवा क्षणभर गेला आणि परत लागला.

"काय झालं?"

"लाईट गेली. आली."

"किती वेळा?"

"एकदाच."

"आणि पापणी?"

"ती सारखीच लवून राहिली होती की."

"सामान कधी आणताय?" चाचा म्हणाले.

माझ्या आधी आलेला एकजण म्हणे दिवा पाच वेळा गेला असं सांगून बसला. त्याला खालांनी चहा दिला, पण खोली मिळाली नाही. खाला म्हणजे चाचांच्या पत्नी. दोघं आपापसात हिंदी-उर्दूची सरमिसळ बोलायची. भांडण मात्र स्वच्छ मराठीत, भाडेकरूंची गैरसोय होऊ नये म्हणून.

आणि भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. तिला खाला 'ढेकूळ' म्हणायच्या.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा जो मोठा पट्टा आहे, त्याच्या आतल्या कडेला, म्हणजे आपल्या बाजूला, एक बारकासा लघुग्रह फिरतो. बारकासा म्हणजे विश्रांतवाडीत आणून ठेवला तर धानोरीपर्यंत पुरेल आणि हद्दीवरून येरवड्याशी वाद होईल, एवढा. त्याला नाव नाही, नंबर आहे. तो चाचांना तोंडपाठ होता. मला माझा मोबाइल नंबर पटकन आठवत नाही. आणि गंमत अशी की या लघुग्रहावर एवढा जीव टाकणाऱ्या चाचांनी तो कधीही पाहिलेला नव्हता. त्यांच्या दुर्बिणीतून तो दिसणंच शक्य नव्हतं. मग तो आहे हे कळायचं कसं? तर हा फिरता फिरता एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोर आला की तेवढ्यापुरता तारा विझतो आणि परत लागतो. याला पिधान म्हणतात. मंडईच्या गणपतीसमोर गर्दीत उभं राहिलं की पुढे कोण आहे ते अंधारात दिसत नाही. पण गणपती झाकला गेला की कळतं, कोणीतरी उंच माणूस येऊन थांबलाय. तसंच हे.

त्या वेळी ढेकळाची सावली जमिनीवरून ढेकळाएवढ्याच रुंदीच्या पट्ट्यातून सरकत जाते. पट्ट्यातल्या माणसाला तारा गेलेला दिसतो, बाहेरच्याला काहीच नाही. म्हणून गावभर माणसं उभी करायची. कोणाचा तारा किती वेळ गेला, कोणाचा गेलाच नाही, हे सगळं जुळवलं की न दिसलेल्या दगडाची लांबी-रुंदी हातात येते. हे मला समजायला बरेच दिवस लागले. चाचा समजावताना बटाटे वापरायचे आणि मला भूक लागायची.

बटाटे हे एक वेगळंच प्रकरण. चाचा दर आठवड्याला मंडईत जायचे ते ढेकळाच्या आकाराचे बटाटे शोधायला. सगळी दुनिया गुळगुळीत, गोल बटाटे निवडते. हे ढिगात हात घालून कुबड आलेले, जोड झालेले, बाजूला बारकं पिल्लू चिकटलेले बटाटे काढायचे आणि उजेडाकडे धरून बघायचे. भाजीवाली आधी चिडली, मग हसली, आणि शेवटी त्यांच्यासाठी वेडेवाकडे बटाटे वेगळे काढून ठेवायला लागली. भाव मात्र चांगल्या बटाट्यांचाच लावायची. ते सोलताना खाला जे काही बोलायच्या, ते मी इथे देत नाही.

पिल्लू चिकटलेल्या बटाट्याला कारण होतं. चाचांच्या सगळ्या आयुष्याला एक ठणका होता आणि तो त्या पिल्लात होता.

फार वर्षांपूर्वी, चाचा मंडईजवळ राहत असताना, याच ढेकळाने एक तारा झाकला होता. चाचा एकटेच गच्चीवर होते. तारा गेला, आला. ते दुर्बिणीवरून डोळा काढणार, एवढ्यात तारा पुन्हा गेला. अगदी थोडा वेळ. पुन्हा आला. दोनदा जाण्याचा अर्थ एकच: ढेकळाभोवती दुसरं एक बारकं ढेकूळ फिरतंय, त्याचा चंद्र म्हणा हवं तर. चाचांनी ते सगळं व्यवस्थित लिहून आकाश बघणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाकडे पाठवलं. मंडळाच्या सचिवांचं सभ्य उत्तर आलं. पहिल्या नोंदीबद्दल आभार. दुसऱ्या वेळी बहुधा आपली पापणी लवली असावी.

ही गोष्ट चाचा प्रत्येक भाडेकरूला सांगायचे, आणि 'पापणी' या शब्दाशी आले की थांबायचे. चाळीस गल्ल्यांतल्या लोकांचे डोळे तपासलेल्या माणसाला पापणी आणि अंधार यातला फरक कळत नाही, असं त्या सचिवांनी म्हटलं होतं. चाचा त्यांच्यावर रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं खाला म्हणायच्या. राग जातो तरी.

तर अशा घरात मी राहायला आलो आणि वर्ष-दीड वर्षाने बातमी आली की ढेकूळ पुन्हा एकदा एका ताऱ्यासमोरून जाणार आहे, त्याची सावली पुण्यावरून सरकणार आहे, तीही दिवेलागणीनंतर लगेच, आणि तारा बऱ्यापैकी ठळक आहे. शिवाय या खेपेला ढेकूळ आकाशात रेंगाळत चाललेलं असल्यामुळे तारा चांगला दोन-तीन सेकंद जाणार. चाचा ती बातमी हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरले. आमचं भाडं कराराप्रमाणे होतंच, पण आता कळलं की करारात न लिहिलेलं एक कलम होतं: सांगेल त्या संध्याकाळी, सांगेल तिथे उभं राहायचं. खोली सोडून गेलेल्या जुन्या भाडेकरूंनाही निरोप गेले. आणि आश्चर्य म्हणजे ते आले.

महिनाभर तालीम चालली. प्रत्येकाला एक छोटी दुर्बीण, एक आवाज टिपणारा रेकॉर्डर आणि सेकंदाला 'पीप' असा आवाज करणारी एक डबी. रेकॉर्डर चालू करायचा, पीप पीप चालू ठेवायची, डोळा ताऱ्याला लावायचा, तारा गेला की 'गेला' म्हणायचं, आला की 'आला'. बस. नंतर ऐकून वेळ काढता येते. आम्ही पाच-सहा जण रोज संध्याकाळी गच्चीवर ओळीने उभे राहून 'गेला, आला' करायचो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू पांढरी साडी नेसून, चेहरा पाडून आल्या आणि कोण गेलं म्हणून खालांच्या गळ्यात पडल्या. खालांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, अजून कोणी गेलं नाही, पण हे असंच चाललं तर मीच जाईन.

जागावाटपाच्या दिवशी चाचांनी पुण्याचा नकाशा पलंगावर पसरला. ते आम्हाला गावाच्या नावानेच हाक मारायचे. "नांदेड, आपण येरवड्याला. जळगाव, कळसला. मी इथेच, सावलीच्या बरोबर मध्ये." असं करत करत माझ्यापर्यंत आले. "यवतमाळ, आपल्या कचेरीची गच्ची. खराडी."

मी नकाशा पाहिला. खराडी सावलीच्या पट्ट्याच्या पार बाहेर होती.

"चाचा, तिथून तर काहीच दिसणार नाही."

"दिसणार नाहीच."

"मग मी काय बघू?"

"काही दिसलं नाही, हे बघा," चाचा म्हणाले. "कडेच्या बाहेर कोणीतरी 'काही नाही' म्हणणारा लागतो. नाहीतर कड कुठे संपली ते कळणार कसं? आणि या कामाला माणूस विश्वासू लागतो."

विश्वासू हा शब्द त्यांनी मला गप्प करायला वापरला होता हे मला तेव्हाही कळलं. नांदेडवाला दात काढून हसत होता. महिनाभर तालीम करून लग्नात माझ्या वाट्याला चपला सांभाळणं आलं होतं.

कंपनीच्या गच्चीची परवानगी मिळवताना मी आणखी हसं करून घेतलं. परवानगी देणाऱ्या साहेबांनी विचारलं, वर जाऊन नक्की काय करणार? मी खरं ते सांगितलं: काहीही दिसणार नाही, ते नोंदवणार. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्यासोबत एक सिक्युरिटी गार्ड सतत राहील या अटीवर परवानगी दिली.

तो शनिवार होता. आकाश स्वच्छ. गार्ड साताऱ्याकडचा, पोटाने आणि स्वभावाने मोठा. मी दुर्बीण लावली, तारा सापडला, रेकॉर्डर सुरू केला, पीप पीप सुरू झाली. गार्डने आधी विचारलं की यातून चंद्रावरचं पाणी दिसतं का. मग विचारलं की पगारवाढीचं काही दिसतं का. मग मी म्हणालो, थोडा वेळ शांत राहू या, आणि नेमका माझा फोन वाजला. आई.

आता इथे शहाण्या माणसाने फोन बंद केला असता. पण माझ्या आईचा फोन उचलला नाही तर ती पुढचा फोन मावशीला, मग मावसभावाला आणि मग थेट घरमालकाला करते. चाचांच्या दुर्बिणीशेजारी त्या क्षणी फोन वाजला असता तर मी पुण्यात राहिलोच नसतो. शिवाय मला दिसायचं काय होतं? काही नाही. ते मी बोलता बोलताही बघू शकत होतो. मी फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला, डोळा दुर्बिणीला लावला आणि आईशी बोलत राहिलो.

वेळ होऊन गेली. चाचांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"काय?"

"काही नाही, चाचा. ठरल्याप्रमाणे."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी घरी पोचलो तेव्हा सगळे जमले होते. ढेकूळ वेळेवर आलं होतं. चाचांचा तारा चांगला अडीच-तीन सेकंद गेला होता. नांदेड आणि जळगाव, दोघांनाही कमी-जास्त वेळ दिसलं होतं. उत्तम काम झालं होतं. पण दुसऱ्यांदा तारा कोणाचाच गेला नव्हता. चाचांचाही नाही. त्या दुसऱ्या जाण्याची वाट बघत ते त्यानंतर कितीतरी वेळ दुर्बिणीला चिकटून होते, असं कळसहून माझ्या आधी परतलेल्या जळगाववाल्याने मला हळूच सांगितलं. शेवटी खालांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते बाजूला झाले.

कोणीतरी म्हणालं, चंद्र या वेळी ढेकळाच्या मागे असेल, दुसऱ्या बाजूला असेल, त्यात काय. चाचा म्हणाले, "मध्ये माणूस उभा केला, कडेला केला, बाहेर केला. सगळ्यांना विचारलं. आता किती दिवस हट्ट धरायचा? पापणीच असेल." ते हसतच म्हणाले, पण त्यांच्या तोंडून तो शब्द न थांबता आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. उद्या सगळ्यांचे रेकॉर्डर ऐकून वेळा पाठवून देतो, म्हणाले, आणि सोबत त्या जुन्या नोंदीबद्दल लिहितो, की ती आता धरू नये. खाला आतून म्हणाल्या, "अहो, लिहायची काय घाई आहे?" चाचा सगळ्यांचे रेकॉर्डर गोळा करायला लागले. ज्या ढेकळाच्या नावाने त्या इतकी वर्षं बोटं मोडत होत्या, त्याचं पिल्लू काढून घ्यायची वेळ आल्यावर सगळ्यांत जास्त त्याच हलल्या, हे मला तेव्हा विचित्र वाटलं.

रविवारी सकाळी खालांनी सगळ्यांना पराठे केले आणि चाचांनी रेकॉर्डर मांडले. एकेक लावायचे, डोळे मिटून ऐकायचे, पीप मोजायचे. नांदेडवाल्याचा आवाज एकदम नाटकातल्या राजासारखा: गेला. आला. मग जळगाव. आणि चाचांचा हात माझ्या रेकॉर्डरकडे गेला, तेव्हा मला आठवलं की त्याच्यात काय आहे.

मी म्हणालो, राहू द्या, त्यात काहीच नाही. चाचा म्हणाले, ते 'काहीच नाही' नीट आहे ना, ते बघतो. मी म्हणालो, पराठा गार होतोय. मी म्हणालो, बॅटरी संपली असेल. मी रेकॉर्डर उचलायला गेलो तर नांदेडवाल्याने माझा हात धरला. भाडेकरूंच्या जातीला दयामाया नसते.

पीप, पीप. मग गार्डचा पगारवाढीचा प्रश्न. सगळे हसले. मग फोनची रिंग आणि आमच्या मातोश्रींचा आवाज विश्रांतवाडीच्या त्या खोलीत घुमला.

"काय करून राह्यला रे?"

"काही नाही, आकाश पाहून राहिलो."

"जेवला का?"

"जेवीन घरी जाऊन. दोडके असतील."

"घरमालक कसा हाय रे तो?"

मी डोळे मिटून घेतले. रेकॉर्डरमधला मी मात्र मोकळेपणाने बोलत होतो. "म्हातारा थोडा सरकलेला आहे गं. एका दगडाच्या मागे लागलाय, दिसतही नाही तो. पण बायको देवमाणूस आहे."

जळगाववाला पराठा तोंडात ठेवून खोकायला लागला. खाला शांतपणे म्हणाल्या, पोरगं बोललं ते खरंच आहे. चाचांचा चेहरा मात्र हलला नाही. ते पीप मोजत होते. आई आता मावशीच्या मुलीच्या लग्नात आहेर काय द्यावा यावर आली होती. पातळ द्यावं की भांडी, यावर ती माझं मत विचारत होती.

"भांडी दे. हे बघ, पातळाचा रंग तिला... गेला. आला. ...रंग पसंत नाही पडत."

"कोन गेला रे?"

"कोणी नाही गं, तारा. भांडीच दे."

चाचांनी रेकॉर्डर थांबवला. मागे घेतला. परत ऐकला. पुन्हा मागे घेतला. आता कोणी हसत नव्हतं.

"यवतमाळ," चाचा म्हणाले, "आपण काल मला काय सांगितलंत?"

"काही नाही म्हणून."

"मग हे काय आहे?"

मी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता माझ्या लक्षात येत गेलं की मी केवढा मोठा गाढव आहे. तारा गेला होता. मला स्पष्ट दिसला होता. एका पीपेपासून दुसऱ्या पीपेपर्यंत नव्हता, मग होता. महिनाभराच्या तालमीने तोंडातून 'गेला, आला' आपोआप निघालं. पण मी सावलीच्या बाहेर होतो. मला काही दिसणार नव्हतं. त्यामुळे दिसलं ते माझंच काहीतरी चुकलं असणार, असं धरून मी ते सोडून दिलं. त्याचं असं आहे की आमच्या कामात एका बाजूला लिहिलेलं असतं काय व्हायला पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला आम्ही लिहायचं की खरोखर काय झालं. दिवसभर तेच ते करून हात असा बसतो की डावीकडचं बघून उजवीकडे उतरवायचं. कंपनीत याची शिक्षा ओरडा खाणं असते. इथे मी एका म्हाताऱ्या माणसाचा चंद्रच उतरवून टाकला होता.

मला वाटलं, आता चाचा उडी मारतील, मला मिठी मारतील. झालं उलटंच. ते उठून माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि माझ्या अंगावर आले.

पापणी नव्हती कशावरून? फोन कठड्यावरून सरकला आणि मी तिकडे पाहिलं नाही कशावरून? गार्ड पुढे आला नाही कशावरून? मी म्हणालो, एवढा वेळ पापणी कोण मिटून ठेवतं. ते म्हणाले, दोडक्याच्या विचारात माणूस काहीही करतो. मी म्हणालो, पक्षी असता तर एवढा वेळ थांबला नसता. ते म्हणाले, घार थांबते. अंधारात घार कुठून येणार, म्हटलं. "खराडीत काहीही असतं," चाचा म्हणाले. मी त्यांच्या बाजूचा साक्षीदार, आणि ते मला विरुद्ध पक्षाच्या वकिलासारखे फाडत होते. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी म्हणाले, "शर्ट घाला. जागा बघायची आहे."

माझ्या स्कूटरवर मागे बसून ते भर उन्हात खराडीला आले. साहेबांची परवानगी नव्हती. गार्डने आम्हाला मागच्या जिन्याने वर नेलं. मी कठड्यापाशी उभं राहून जिथे तारा होता तिकडे हात केला. त्याच बाजूला, दोन प्लॉट सोडून, एका बांधकामावर उंच क्रेन उभी होती. लांब आडव्या हाताची.

चाचांनीही ती पाहिली. गार्डला विचारलं, काल संध्याकाळी ही चालू होती का? गार्ड म्हणाला, होती की, अंधार पडेपर्यंत. हात फिरत होता का? फिरत होता. चाचांनी मान हलवली. मी दुसरीकडे बघायला लागलो. मग त्यांनी मला कालच्या जागी, काल वाकलो होतो तसंच वाकायला लावलं, माझ्या मागे उभे राहिले, एक डोळा मिटला, हात लांब केला आणि मुठीवर मूठ ठेवून क्षितिजापासून वर मोजत गेले. तारा किती वर होता ते त्यांना पाठ होतं. मग क्रेनच्या टोकापर्यंत मोजलं. मग परत पहिल्यापासून. गार्डलाही मुठी मोजायला लावल्या. त्याची मूठ मोठी म्हणून आपल्या दोन मुठी म्हणजे त्याच्या किती, तेही बघितलं.

तारा क्रेनच्या बऱ्याच वर होता. मधे फक्त आकाश होतं.

"तिथे काही नाही," चाचा म्हणाले. ते कठड्यावर टेकले. मग गार्डला म्हणाले, जरा पाणी मिळेल का. गार्ड खाली गेला. चाचा तिथेच बसून राहिले आणि मी त्यांच्याकडे न बघता खराडीच्या काचेच्या इमारतींकडे बघत राहिलो, कारण कोणत्या वेळी माणसाकडे बघू नये हे यवतमाळच्या माणसालाही कळतं.

त्यांनी पाठवलेल्या नोंदीत माझं सगळं रेकॉर्डिंग होतं. आईसकट. कापून पाठवतो म्हटलं तर नाही म्हणाले, उद्या कोणी म्हणायला नको की हवं तेवढंच ठेवलं. त्यामुळे जगात कुठेतरी काही शास्त्रज्ञ मंडळींनी माझ्या मावसबहिणीला भांडी द्यावीत की पातळ, हे ऐकलेलं आहे. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. चाचांची जुनी नोंद आणि खराडीची नवी, दोन्ही एकमेकींना धरून आहेत. या लघुग्रहाला लहान सोबती असण्याची दाट शक्यता आहे. पुढच्या वेळी आणखी माणसं उभी करू.

ते वाचून झाल्यावर त्याच दिवशी त्या जुन्या सचिवांचा फोन आला. तेही आता म्हातारे झाले होते. त्यांनी अभिनंदन केलं आणि म्हणाले, तेव्हा मी जरा घाईने लिहिलं. चाचा म्हणाले, "छे हो. आपण विचार करूनच लिहिलं होतं. म्हणून तर इतकी वर्षं लागली." मग दोघेही हसले असावेत. चाचा तरी हसले.

मी त्यांची खोली नंतर सोडली, लग्न झाल्यावर. पण त्या दिवसाचं मला आठवतं ते असं. दुपारची वेळ होती. खाला गच्चीवर वाळवण बघायला गेल्या होत्या आणि चाचा कागद घेऊन त्यांना दाखवायला वर गेले. मीही मागोमाग गेलो. खालांनी कागद हातात घेतला नाही, चष्मा खाली राहिला होता. चाचांनी वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर खाला वर पांढऱ्या पडलेल्या आकाशाकडे बघत म्हणाल्या, "मग आत्ता कुठं आहे ते तुमचं?"

चाचांनी जरा हिशेब केला आणि बोट खाली केलं, गच्चीच्या फरशीकडे, खालांच्या पायाशी.

"मावळलंय. या बाजूला. पृथ्वीच्या पलीकडे." मग थोडं थांबून म्हणाले, "दोघंही."

खालांनी पाय अलगद बाजूला घेतला.